पांढरी एकमधला शोक

ऑपेरा ऐकणाऱ्या मराठी माणसाकडे शेजारी जरा काळजीनेच पाहतात. आत कुणाला तरी मारहाण चालली आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. एका गाण्याविषयी मात्र आजवर कुणाची तक्रार आली नाही. उलट, "आज स्वारी खुशीत दिसतेय!" असे एकदा खिडकीतून ऐकू आले. घोटाळा आहे तो इथेच. कारण गाणारा त्या वेळी बायको मेली म्हणून रडत असतो.

गाणे ग्लुकच्या 'ऑर्फेओ एद एउरिदीचे' या ऑपेरातले. पहिला प्रयोग व्हिएन्नात, ५ ऑक्टोबर १७६२ रोजी. गोष्ट ग्रीकांची. ऑर्फियस गाऊन गाऊन पाताळातल्या भुतांना विरघळवतो आणि मेलेली बायको परत न्यायची परवानगी मिळवतो. अट एकच, वाटेत वळून तिच्याकडे पाहायचे नाही. आपल्या सावित्रीने यमाला शब्दात पकडून नवरा सोडवून आणला. या गृहस्थाला नुसते नाकासमोर चालायचे होते, तेही साधले नाही. मागून बायको म्हणत राहिली, की तुम्ही माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. हे किती वेळ ऐकून घेता येते ते विवाहितांना सांगायला नको. तो वळला, ती गेली. मग हे गाणे.

आता शोक म्हटला की आपल्या कानाला कोमल स्वर हवेत. पाश्चात्त्यांचाही साधारण रिवाज तोच: आनंदाला मेजर, दुःखाला मायनर. मेजर म्हणजे ढोबळमानाने आपला बिलावल, सगळे शुद्ध स्वर. आणि ग्लुकने हा शोक बांधला सी मेजरमध्ये! म्हणजे पेटीवर पांढरी एकला सा धरा आणि सरळ पांढऱ्या पट्ट्या दाबत जा. पेटी शिकायला आलेल्या पोराला पहिल्या दिवशी देतात तेच हे सूर.

ही विसंगती लोकांच्या लक्षात आली नसती तरच नवल. १८५४ साली एडुआर्ट हान्स्लिक या व्हिएन्नाच्या टीकाकाराने, ग्लुकच्याच काळातल्या एका लेखकाचा दाखला देऊन म्हटले, की या गाण्याच्या फ्रेंच शब्दांतले 'हरवली' काढून 'सापडली' घाला, चाल तेवढीच शोभेल. त्याचा मुद्दा असा की अमुक एक भावना सुरांत नसतेच, शब्दांच्या आधाराने आपणच ती तिथे नेऊन बसवतो. म्हणजे थोडे बोल बदलले की हेच गाणे बारशाला चालेल.

ग्लुकला हे ठाऊक नव्हते असे नाही. १७७० साली दुसऱ्या एका ऑपेराच्या अर्पणपत्रिकेत त्याने स्वतःच लिहून ठेवले, की या गाण्याच्या म्हणण्यात जरासा फरक केला तर त्याचा कळसूत्री बाहुल्यांचा नाच होईल. एखादा सूर थोडा जास्त लांबला, लय चुकली, की सगळे बिघडले.

पण बरोबर लय कोणती? मेट्रोनोमचे पेटंट माल्झेलने घेतले १८१५ साली, आणि ग्लुक वारला १७८७ साली. त्यामुळे आकडा काही मागे राहिला नाही. एखादा गायक शेवटची लोकल गाठायची असल्यासारखा शोक करतो. कॅथलीन फेरियर हेच गाणे इंग्रजीत म्हणते ते एकेका पायरीवर थांबत जिना उतरल्यासारखे. पट्टीचेही तेच. १७७४ साली पॅरिसमध्ये लग्रो या चढ्या आवाजाच्या गायकासाठी ग्लुकनेच हे गाणे उचलून पांढरी चारमध्ये नेले. त्यात जुन्या तबकड्यांची भर. नाव अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचे, पण जुन्यातल्या कितीतरी तबकड्या भरल्या गेल्या वेगळ्याच वेगाने. फिरवताना वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की लय तर वाढतेच, शिवाय पट्टी अर्ध्या सुराने चढते आणि पांढरी एकमधले दुःख काळी एकमध्ये जाऊन बसते.

हा प्रश्न गाण्यापुरता असता तर मी गप्प बसलो असतो. पण कुणाच्या घरी समाचाराला जाताना आपण सगळेच खिशात एक मेट्रोनोम घेऊन जातो. नवरा गेल्यावर पंधराव्या दिवशी बाई ऑफिसला गेल्या, तर "बघा, पंधरा दिवसांत!" वर्षभर डोळे पुसत राहिल्या, तर "आता पुरे नाही का?" या दोहोंच्या मधली नेमकी लय फक्त समाचाराला येणाऱ्यांना ठाऊक असते.

तुम्ही म्हणाल, मग खरे-खोटे ओळखायचेच नाही का? पण लय हा त्याचा पुरावाच नव्हे. सूर लांबवूनही बाहुल्यांचा नाच होतो, हे ग्लुक सांगून गेला आहे. असा एकच सूर धरून बसलेले एखादे लांबचे मामा प्रत्येक सुतकात भेटतात. हान्स्लिक म्हणतो, सुरात शोक नाहीच. मला ग्लुकचे पटते: शोक आहे, पण धागा फार बारीक आहे. आणि तो खिडकीबाहेरून दिसत नाही.

याच फेरियरने फेब्रुवारी १९५३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला ऑर्फियस उभा केला. तिला कॅन्सर होता. दुसऱ्याच प्रयोगात तिच्या मांडीचे हाड मोडले. ती जागेवरून फारशी न हलता शेवटपर्यंत गायली. बहुतेक प्रेक्षकांना काही कळलेही नाही. त्यांनी गाणे ऐकले ते तेच, शुद्ध स्वरांचे. त्याच वर्षी ऑक्टोबरात ती गेली. वय ४१.

म्हणून हल्ली समाचाराला गेलो आणि घरच्या बाईंनी "चहा घेणार ना?" असे अगदी पांढरी एकमध्ये विचारले, तर मी "घेतो" म्हणतो. साखर बरोबर असते. त्यावरून मी काही अनुमान काढत नाही.