हलकेपणाचा मोह

आपल्या मराठी भाषेने 'हलका' या शब्दाला फारसा मान दिलेला नाही. हलक्या कानाचा, हलक्या मनाचा, हलक्या प्रतीचा असे म्हटले की त्या माणसाची अथवा वस्तूची पायरी खाली आली, असे आपण समजतो. ज्याच्या शब्दाला वजन आहे आणि व्यक्तिमत्त्व भारदस्त आहे, त्याला मात्र सभेत पुढची खुर्ची मिळते. तरीही दुःख बोलून टाकल्यावर मन हलके झाले असे हीच भाषा म्हणते, आणि सुई टोचणाऱ्या परिचारिकेचा हात हलका असला तर तिचे कौतुकही करते. हलकेपण हा गुण की दोष, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी एक अनपेक्षित उदाहरण घेणार आहे. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत तयार झालेल्या छोट्या, हलक्या आणि वेगवान मोटारींचे हे उदाहरण आहे. धर्मगुरूने मोटारींवर लिहावे याचे कोणाला नवल वाटल्यास त्याने थोडा धीर धरावा.

या मोटारींच्या घराण्यातील एक शाखा आपल्याकडेही येऊन गेली आहे. मुंबईच्या रस्त्यांवर एकेकाळी दिसणारी, मद्रासमध्ये बनणारी 'स्टँडर्ड हेरल्ड' ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. ती मुळात इंग्लंडची 'ट्रायम्फ हेरल्ड'. तिचाच सांगाडा आखूड करून ट्रायम्फ कंपनीने १९६२ साली 'स्पिटफायर' ही दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स कार काढली. घरंदाज हेरल्डची ही खट्याळ धाकटी बहीण म्हणायला हरकत नाही.

परंतु हलकेपणाचा खरा उपासक होता कॉलिन चॅपमन. १९२८ साली जन्मलेल्या या माणसाने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इमारती व पूल यांच्या रचनेचे शास्त्र शिकले, काही काळ अ‍ॅल्युमिनियमच्या कंपनीत नोकरी केली, आणि १९४८ साली एका जुन्या ऑस्टिन सेव्हन मोटारीवर स्वतःची पहिली गाडी उभी केली. पुढे त्याने लोटस कंपनी स्थापन केली. १९५७ सालची त्याची 'लोटस सेव्हन' म्हणजे पोलादी नळ्यांचा पिंजरा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि चार चाके. दारे नाहीत, वजन पाचशे किलोंच्या आत. सुट्या भागांच्या रूपात घेऊन घरी जोडल्यास त्या काळचा खरेदीकर वाचत असे. त्यामुळे बेताच्या मिळकतीचे तरुणही ती घेत आणि गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी उभी करीत. १९६२ सालच्या 'इलान'चे वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास होते आणि इंजिनाची शक्ती सुमारे १०५ अश्वशक्ती. त्याच वर्षी कॅरॉल शेल्बी या अमेरिकन शर्यतपटूने थेम्स डिटनच्या एसी कंपनीच्या नाजूक गाडीत फोर्डचे आठ सिलिंडरांचे दणदणीत इंजिन बसवले आणि 'कोब्रा' जन्मास आली. ती चित्ताकर्षक आहे यात वाद नाही, पण माझ्या मते तिच्यात हलकेपणापेक्षा शक्तीचाच तोरा अधिक. चॅपमनची वाट निराळी होती. शक्ती वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर वेगवान होते. वजन घटवले तर ती वेग घेताना, वळताना आणि थांबतानाही चपळ होते, आणि तिचे टायरही कमी झिजतात.

माणसाला या गाड्यांची भूल का पडते? केवळ वेग हवा असेल तर आजची एखादी वजनदार विजेवर चालणारी मोटार या साऱ्यांना क्षणात मागे टाकील. मला वाटते, येथे आकर्षण आहे ते प्रतिसादाचे. इलानच्या सुकाणूचक्राला यंत्राचे साह्य नव्हते. रस्त्यावरचा खडा, ओलावा, उतार, सारे काही चालकाच्या बोटांना कळे. मॅकलारेन एफ-वन या विख्यात गाडीचे रचनाकार गॉर्डन मरे यांनी, इलानच्या सुकाणूची सर आपल्या गाडीला आणता आली नाही याची खंत बोलून दाखवली आहे. जड गाडी चालकाला आरामात बसवते, परंतु त्याच्यापासून बरेच काही दडवते. हलकी गाडी त्याच्याकडून सतत अवधान मागते आणि त्या अवधानाचे फळ तत्काळ हातात ठेवते. अनावश्यक ते दूर सारले म्हणजे उरलेल्या वस्तूंशी माणसाचा थेट संबंध येतो, हा अनुभव नवीन नाही. संन्याशाची झोळी आणि वारकऱ्याचे पडसे यांनाही तो ठाऊक आहे.

तेव्हा हा निव्वळ पोरखेळ नव्हे. आणि खेळ असला तरी त्यात वाईट काय? संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी अ‍ॅरिस्टॉटलचा धागा पकडून, खेळकरपणा हाही एक सद्गुण असल्याचे प्रतिपादन केले. ज्याला विनोद आणि क्रीडा यांचा तिटकारा आहे, त्यालाही त्यांनी दोषमुक्त ठेवलेले नाही. मात्र खेळातील सुख अपायकारक कृतीतून मिळवू नये, ही मर्यादा त्यांनी घातली. आपला प्रश्न याच मर्यादेपाशी सुरू होतो.

शर्यतीच्या गाड्यांत चॅपमनने हलकेपण अगदी टोकाला नेले. १९६९ च्या मे महिन्यात बार्सिलोना येथील शर्यतीत त्याच्या दोन्ही गाड्यांवरचे उंच पंख मोडून पडले. योखेन रिंट हा ऑस्ट्रियाचा चालक त्यात जखमी झाला. काही दिवसांनी त्याने चॅपमनला पत्र लिहिले. आपल्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की थोडे वजन वाढवून नाजूक भाग बळकट केले तरी आपण मागे पडणार नाही, असा त्याचा आशय होता. या पत्रात मला एका पिढीचे नीतिशास्त्र दिसते. रिंट भित्रा नव्हता, आणि त्याला शर्यतही सोडायची नव्हती. त्याची मागणी केवळ काही किलोंची होती.

पुढच्या वर्षी 'लोटस ७२' आली. तिचे पुढचे ब्रेक चाकांजवळ न ठेवता आत, गाडीच्या अंगाशी बसवले होते. चाकांवरचा भार कमी व्हावा हा हेतू. ब्रेकची शक्ती एका दांड्यामार्फत चाकापर्यंत जाई. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीत मोंझा येथे सरावाच्या वेळी ब्रेक लावताना रिंटची गाडी भरकटून कठड्यावर आदळली, आणि तो मरण पावला. तो २८ वर्षांचा होता. उजव्या बाजूचा ब्रेकचा दांडा तुटल्याचे आढळले. कठडाही नीट बसवलेला नव्हता, आणि रिंटने कमरेखालचे पट्टे बांधले नव्हते. म्हणजे दोष एकट्या दांड्याचा नव्हता, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्यालाच मिळाले. मरणोत्तर ते मिळवणारा तो आजवरचा एकमेव चालक आहे.

त्यापूर्वी १९५८ साली, फेरारीचा चालक लुइजी मुस्सो शर्यतीत दगावल्यानंतर व्हॅटिकनच्या 'लोस्सेर्वातोरे रोमानो' या दैनिकाने एन्झो फेरारी यांची तुलना स्वतःच्या मुलांना गिळणाऱ्या शनिदेवाशी केली होती. मला ही टीका जरा सरधोपट वाटते. चालक काही बळजबरीने गाडीत बसवलेली बालके नव्हेत. स्वखुशीने पत्करलेली जोखीम, ती सृष्टीशी झुंजण्याची असो वा यंत्राशी, आपोआप पाप ठरत नाही. नाहीतर गिर्यारोहक आणि आपले खोल समुद्रात जाणारे मच्छीमार बांधव यांचे काय करायचे? नेमका प्रश्न वेगळा आहे. 'हे अनावश्यक, हे काढून टाका' असे कोण म्हणतो, आणि ते काढल्याचा परिणाम कोण भोगतो? मी माझ्या पाठीवरचे ओझे उतरवतो तेव्हा तो संयम. दुसऱ्याच्या पायाखालची फळी काढतो तेव्हाही माझा भार हलका होतोच, पण त्याला संयम म्हणता येत नाही. दोन्हींची गणिते कागदावर सारखी दिसतात, हीच अडचण आहे.

चॅपमन स्वतः उत्तम गाडी चालवी, आणि १९६८ साली त्याचा जिवलग चालक जिम क्लार्क हॉकेनहाइम येथे मरण पावला तेव्हा तो कोसळला होता. तो निर्दय होता असे मी म्हणणार नाही. परंतु काढून टाकण्याची सवय एकदा लागली की ती कारखान्याच्या भिंतीत राहत नाही. बेलफास्टजवळ रोजगार निर्माण व्हावा म्हणून ब्रिटिश सरकारने डीलोरियन मोटार कंपनीला जो पैसा दिला, त्यातील लक्षावधी पौंड पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्फत गहाळ झाले. लोटस त्या गाडीच्या विकासाचे काम करीत होती. चौकशी पुरी होण्याआधी, डिसेंबर १९८२ मध्ये, चॅपमन हृदयविकाराने वारला, त्यामुळे त्याच्यावर खटला कधी चाललाच नाही. त्याचा हिशेबनीस फ्रेड बुशेल यास १९९२ साली शिक्षा झाली, आणि चॅपमन हयात असता तर त्याला किमान दहा वर्षे कारावास दिला असता, असे न्यायाधीशांनी बोलून दाखवले. बेलफास्टच्या त्या कारखान्यातील कामगारांची नोकरी मात्र १९८२ सालीच गेली होती.

आजचे चित्र पाहावे तर लोटसची मालकी २०१७ पासून चीनच्या जीली समूहाकडे आहे, आणि तिची 'एलेत्रे' ही विजेवरची मोटार सुमारे अडीच टनांची आहे. एका एलेत्रेच्या वजनात पाच लोटस सेव्हन सहज बसतील. दुसरीकडे मरे यांनी हजार किलोंपेक्षा कमी वजनाची 'टी-फिफ्टी' बनवली, तिची किंमत वीस लाख पौंडांहून अधिक. तरुण कारागिराच्या गॅरेजात जन्मलेले हलकेपण धनाढ्यांची चैन होऊन बसले आहे. जड गाड्यांना मी नावे ठेवीत नाही. त्यांच्या वजनातला बराच भाग अपघातात चुरगळून आतल्या माणसाला वाचवणाऱ्या पोलादाचा आणि हवेच्या पिशव्यांचा असतो. मुलाबाळांना मागे बसवून निघालेल्या बापाने तोच भार निवडावा.

लोटस सेव्हनचे हक्क १९७३ साली केटरहॅम कंपनीने घेतले, आणि त्याच घडणीची गाडी आजही तयार होते. तिच्या आसनांमागे बहुधा पोलादी नळीची एक कमान दिसते. गाडी उलटली तर डोके वाचावे म्हणून ती असते. जुन्या सेव्हनच्या कित्येक मालकांनीही ती मागाहून बसवून घेतली आहे. तिच्यामुळे काही किलो वाढतात आणि वळणावर सेकंदाचा काही अंश जातो. नटबोल्ट आवळताना त्यांना ते पक्के ठाऊक असते.