ध्वजाच्या दोन्ही बाजू

संतसज्जनहो, 'पताका' हा शब्द 'पत्' या संस्कृत धातूपासून झाला. या धातूचे कौतुक असे की, त्याचा अर्थ उडणे असाही होतो आणि पडणे असाही होतो. पाखरू उडाले तरी 'पतति', अन् पान गळाले तरी 'पतति'. खांद्यावर पताका घेऊन वाट चालणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. वस्त्र तेच, धरणाऱ्याने नीट धरले तर उडते, हात सोडला की पडते. याच दृष्टीने आज आपल्या राष्ट्रध्वजाचा थोडा विचार करू.

हा ध्वज एका दिवसात झालेला नाही बरे! १९२१ साली बेझवाड्यास, म्हणजे आजच्या विजयवाड्यास, पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींपुढे ध्वजाची एक आकृती ठेवली. तीत तांबडा आणि हिरवा असे दोनच रंग होते. एक हिंदूंचा, एक मुसलमानांचा. बाकीच्यांचे काय? म्हणून पांढरा पट्टा आला, आणि वर चरखा आला. पण रंगांची अशी वाटणी केली की मागणारे वाढतातच. शिखांनीही आपला रंग मागितला. त्यांचे तरी काय चुकले? वाटायला बसलात, तर प्रत्येकजण आपला वाटा मागणारच.

अखेर १९३१ साली काँग्रेसने केशरी, पांढरा आणि हिरवा असा ध्वज ठरविला, आणि सोबत स्पष्ट सांगितले की हे रंग कोणत्याही जातीचे वा धर्माचे नव्हेत. केशरी तो धैर्याचा व त्यागाचा, पांढरा सत्याचा व शांतीचा, हिरवा श्रद्धेचा व शौर्याचा. वाटणी मोडली आणि गुणांची नावे आली. गुण कोणा एकाच्या मालकीचे असतात काय?

पुढे २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीत पंडित नेहरूंनी ध्वजाचा ठराव मांडला. तेव्हा चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील धर्मचक्र आले. निळ्या रंगाचे, चोवीस आऱ्यांचे. का आले? त्याचे एक कारण नेहरूंनी सांगितले ते फार मार्मिक आहे. ध्वजाला दोन बाजू असतात. चरखा एका बाजूने सुलट दिसला तर दुसऱ्या बाजूने उलटा दिसतो. चाक मात्र कोठूनही पाहा, सारखेच! आजही नियम असा आहे की, पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध ते चक्र दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसले पाहिजे. एका अंगाने छापून भागत नाही.

आता उत्तररंग. ध्वजाला हा नियम लागू. ध्वजाला वंदन करणाऱ्या तुम्हा-आम्हाला लागू नाही काय? दिंडीत एकमेकांच्या पायी लागायचे, आणि गावी परतल्यावर पंगतीत अंतर राखायचे. सभेत 'आपण सारे एक' म्हणायचे, आणि ओसरीवर बसून पलीकडच्या आळीला नावे ठेवायची. ही छपाई एकाच बाजूची झाली! समोरून चक्र आणि पाठीमागे कोरे कापड. वारा सुटला की ध्वज फिरतो, महाराज; पाठ झाकून ठेवता येत नाही. लेकरे घरात आपली पाठचीच बाजू बघतात, आणि तीच शिकतात.

आणखी एक. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेने सामान्य माणसालाही वर्षभर आपल्या घरी सन्मानाने ध्वज लावण्याची मोकळीक दिली. अधिकार आला, तशी जबाबदारीही आली. पंधरा ऑगस्टला हाती घेतलेले कागदी झेंडे दुसऱ्या दिवशी गटाराकाठी पडलेले दिसतात. ते जमिनीवर टाकू नयेत. फाटला, मळला ध्वज एकांतात, मानाने, शक्यतो अग्नीला द्यावा, असे ती संहिता सांगते. वारीची पताका आपण वाटेत टाकून येतो काय? मग हीही टाकू नये. लेकराच्या हातून पडली असेल तर आपण वाकावे, उचलावी, आणि त्याला जवळ घेऊन सांगावे की बाळा, ही उडण्यासाठी आहे.

'पत्' धातूचे दोन्ही अर्थ खरे. त्यातला कोणता घ्यायचा ते आपल्या हाती आहे.

रामकृष्ण हरी.