शिक्षकाचें स्वातंत्र्य

मुलांना स्वतंत्र विचार करावयास शिकविणें हें शिक्षणाचें ध्येय होय, असें आपण सारेच म्हणतों. परंतु ज्याला स्वतः विचार करण्याची मुभा नाहीं, त्यानें तो दुसऱ्यास कसा शिकवावा?

अमेरिकेंतील शिकागो शहरच्या एला फ्लॅग यंग या विदुषीच्या चरित्रांत हाच प्रश्न पुनः पुनः उभा राहतो. १८६२ सालीं त्या तेथील सार्वजनिक शाळेंत शिक्षिका झाल्या. पुढें मुख्याध्यापिका आणि १८८७ पासून बारा वर्षें साहाय्यक शिक्षणाधिकारी. शहर झपाट्यानें वाढत होतें व शाळांचा कारभार कारखान्याच्या धर्तीवर चालूं लागला होता. वरच्यानें योजावें, खालच्यानें राबवावें! वरिष्ठांशीं न पटल्यामुळें १८९९ सालीं राजीनामा देऊन त्या शिकागो विद्यापीठांत अध्यापन करूं लागल्या. जॉन ड्यूई यांच्यापाशीं अध्ययन करून १९०० सालीं, वयाला पंचावन्न वर्षें झालीं असतां, त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली. मात्र या शिष्येचें आपल्या विचारांवरील ऋण खुद्द ड्यूई यांनींच मान्य केलें आहे. योजणारा आणि शिकविणारा यांची फारकत झाली म्हणजे शिक्षकाचें यंत्र बनतें, हें त्यांच्या ‘आयसोलेशन इन द स्कूल’ या प्रबंधाचें सार होय. शाळांच्या धोरणाचा विचार करण्यासाठीं शिक्षकांचीं मंडळें असावींत, हा त्यांचा उपाय.

यावर आक्षेप असा कीं, शहरांत शिक्षक हजारों; जो तो आपल्या मतानें चालूं लागला तर शिस्त कशी राहावी, आणि आळशी शिक्षकाच्या हातीं सांपडलेल्या मुलांनीं काय करावें? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पण विद्यापीठांतील अध्यापकाला हेंच स्वातंत्र्य आपण आदरानें देतों. तेथें त्यास गोंधळ म्हणत नाहीं. मग मुळाक्षरें शिकविणाऱ्यालाच तें कां नसावें? कामाची तपासणी करणें निराळें व बुद्धि गहाण ठेवावयास लावणें निराळें.

सत्ता हातीं आल्यावर मतें पालटतात. यंगबाईंचीं पालटलीं नाहींत. १९०९ सालीं त्या शिकागोच्या सर्व सार्वजनिक शाळांच्या मुख्य अधिकारी झाल्या. एवढ्या मोठ्या अमेरिकन शहरांत हा मान मिळविणारी पहिली स्त्री त्याच. त्या पदावरूनही त्यांनीं शिक्षकमंडळांचा पुरस्कार केला. शाळामंडळाशीं झगडे होतच राहिले; १९१५ सालीं त्यांनीं तें पद सोडलें.

वर्गांत शिक्षक काय सांगतो याहून तो कसा वागतो हें मुलें अधिक लवकर शिकतात. भीत भीत हुकूम पाळणारा गुरु स्वातंत्र्यावर कितीहि सुंदर पाठ देवो. मुलें त्याच्यापासून भीतीच उचलतील.