६४ घरं, एक संख्या

नवीन जालन्यातल्या मोंढ्याची गडबड ओसरली की बसा. मोबाइल बाजूला ठेवा; आज त्याच्या आत खेळ कसा मांडलेला असतो तेच बघायचं आहे.

डोळे मिटून बुद्धिबळाचा पट समोर आणा. सोंगट्या नकोत, नुसती घरं. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजा: पहिली ओळ ० ते ७, दुसरी ८ ते १५. घाई करू नका. ६३ ला थांबा.

आता दुसऱ्या ओळीत पांढरी प्यादी मांडा. मनात लाकडी प्यादी येतील. येऊ द्या, मग जाऊ द्या. प्यादं असेल तिथे १, नसेल तिथे ०. झाले ६४ बिट, म्हणजे प्रोसेसर एका घासात घेईल अशी एकच संख्या.

ती संख्या ८ घरं सरकवा. आठही प्यादी एकदम पुढच्या ओळीत गेली. रिकाम्या घरांचीही अशीच संख्या करा (रिकामं तिथे १), ती हिच्यावर ठेवा आणि दोन्हीकडे १ असेल तिथेच १ राहू द्या. वाट अडलेली प्यादी गळाली. एकेकाला विचारत फिरावं लागलं नाही. (श्वासाकडे लक्ष द्या असं मी म्हणणार नाही. तो चालूच असतो.)

आता उजवीकडे तिरकं मारायचं, म्हणजे ९ घरं. अगदी उजव्या कडेचं प्यादं बघा. १५ अधिक ९, २४. ते पटाबाहेर पडलं आणि दोन ओळी वर, डाव्या कडेला उगवलं! संख्येला पटाची कड कळत नाही. म्हणून सरकवण्याआधी उजव्या कडेचा उभा स्तंभ पुसायचा. इथे जरा रेंगाळा. नवशिक्याने लिहिलेला खेळ बिघडतो तो बहुधा अशाच कडेला.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला. अशा डावांशेजारी पडद्यावर कोण वरचढ आहे हे सांगत वरखाली होणारी पट्टी दिसते. तिच्यामागचं इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅम, सेकंदाला लाखो पट असेच चाळतं.

पण आता विचारा, “या घरात कोण आहे?” प्यादी, हत्ती, घोडे यांच्या संख्या वेगवेगळ्या, त्यामुळे एकेक उघडून बघावी लागेल. म्हणून स्टॉकफिश हे इंजिन ६४ खान्यांची साधी यादीही जवळ ठेवतं. एकच पट दोनदा लिहिलेला. मोंढ्यातल्या मुनिमाला यात नवल वाटणार नाही: एकच व्यवहार तो रोजकीर्दीत तारखेने लिहितो आणि खतावणीत नावाने. विचारणारे दोन, म्हणून वह्या दोन. मात्र प्रत्येक चालीला दोन्हीकडे नोंद हवी. एक राहिली की खेळ खोटा.

आता पट उचला, कॅरम मांडा. इथे घरंच नाहीत, सोंगटी कुठेही थांबते. मघाची युक्ती सोडून द्या. १९ सोंगट्या आणि स्ट्रायकर: आडव्या जागांची एक रांग, उभ्या जागांची दुसरी, वेगांच्या आणखी दोन. कोण कोणाला धडकलं? जोड्या १९०. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात १९० जोड्या सहज तपासून होतात, वेळ उरतोही. इथे कसलीच कारागिरी करू नका.