माळ कोणाच्या गळ्यात?

वाचकहो, मागच्या भाद्रपदातली गोष्ट. शेजारच्या घरातली सून भर दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसली. मांडीवर चार वर्षांची लेक, हातात सरकारी दवाखान्यातला कागद. मुलीचे हिमोग्लोबिन 8.2 निघाले होते. या वयात ते 11 च्या खाली गेले की रक्त कमी आहे असे धरतात. डॉक्टरांनी लोहाचे औषध दिले होते आणि वर सांगितले होते, पोरीला अंडे सुरू करा. घर तीन पिढ्यांचे माळकरी. ती म्हणाली, "नाना, माळ उतरवून ठेवू का?"

मी तात्काळ म्हणालो, "छे छे, माळ उतरवायची नाही. पांडुरंग बघून घेईल." ती काही न बोलता उठली आणि गेली.

संध्याकाळी हरिपाठाला बसलो, पण मन लागेना. माळ तिच्या गळ्यात आहे, माझ्या गळ्यात आहे. उत्तर मी दिले. आणि त्या उत्तराची किंमत कोण देणार? जिच्या गळ्यात माळ नाही ती. मी पांडुरंगाचे नाव घेतले ते श्रद्धेने की सुटका करून घ्यायला, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

तुम्ही माळ घातली तो दिवस आठवा. कोणी तुमच्या गळ्यात ती जबरीने घातली का? महाराजांनी विचारले असेल, मद्यमांस सोडशील ना, एकादशी धरशील ना, वारी करशील ना. तुम्ही मान डोलावली. ती मान तुमची होती. व्रताचा जो काही त्रास व्हायचा तो आपल्याला व्हावा, म्हणून तर ते व्रत. मी उपाशी राहिलो तर तो माझा उपवास; माझ्या हट्टापायी लेकरू उपाशी राहिले तर त्याला उपवास म्हणता येईल का? लहान पोरांना कौतुकाने एकादशी धरायला लावतात, तेव्हाही मला हेच वाटते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिठूळपणा. त्या खिचडीत काही कस असेल तर तो दाण्याच्या कुटाचा.

मग अंडे द्यावे का? थांबा. इतक्या लवकर त्या टोकालाही जाऊ नका.

2023 च्या नोव्हेंबरात सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले, आणि जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे. आपल्या लोकांनी केळे मागितले, मिळाले, आपण समाधानी झालो. आता हिशेब करा. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, केळ्यात जेमतेम एक. अंड्यात ब-12 जीवनसत्त्व आहे, केळ्यात अजिबात नाही. केळे वाईट नाही हो, पण ते अंड्याची जागा भरत नाही. अंडे नाकारण्याचा अधिकार आपण बजावला. उरलेली तूट भरून काढण्याचे काम कोणी अंगावर घेतले?

ती तूट भरून निघते, हे मी खात्रीने सांगतो. मूठभर शेंगदाण्यांत अंड्याइतकी प्रथिने असतात. (लहान मुलाला अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करा, लाडू करा.) धान्याच्या प्रथिनात जे उणे असते ते डाळीत भरपूर असते आणि डाळीतले उणे धान्य भरून काढते. वरणभात, झुणका-भाकर, मुगाची खिचडी यांची जोडी आजीने जमवली ती उगाच नाही. पण वरण म्हणजे वरण. पिवळे पाणी नव्हे. पुष्कळ घरांत पोराच्या ताटात वरचे पाणी येते आणि डाळ पातेल्याच्या तळाशी राहते.

लोहाचे थोडे अवघड आहे. भाजी-कडधान्यातले लोह शरीरात सहज शिरत नाही. त्याला आंबट सोबती लागतो: पोह्यांवर लिंबू, जेवणात पेरू किंवा आवळा. मटकी भिजवून मोड आणली की काम आणखी सोपे होते. लोखंडी कढईही उपयोगाची. आणि त्या लोहाचा वैरी आपल्या घरोघरी उकळत असतो, तो म्हणजे चहा. सकाळी पोराला चहात बुडवून बिस्किटे द्यायची आणि मग म्हणायचे, आमचे पोर काही खातच नाही.

राहिले ब-12. ते झाडापाल्यात नाही. शाकाहारी लेकराला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळणार, नाहीतर डॉक्टर देतील त्या औषधातून. आता खरे सांगा, तुमच्या गोठ्यातले दूध कुठे जाते? आमच्या गावात पहाटे सगळ्या किटल्या संकलन केंद्राच्या वाटेला लागतात. घरात उरते ते चहापुरते. त्या शेजारच्या घरी दोन म्हशी आहेत, वाचकहो. दोन म्हशी, आणि पोरीचे रक्त 8.2. दुधाच्या पैशावर कर्जाचे हप्ते चालतात हे मला कळते, त्यांना नावे ठेवायला मी बसलेलो नाही. पण नामदेवांची गोष्ट आपण कीर्तनात किती रंगवून सांगतो, बाळ नाम्या नैवेद्य घेऊन देवापुढे बसला आणि देवाने तो घेतला. देव दूध प्याला म्हणून आपले डोळे पाणावतात. घरातले पोर प्याले का, हे विचारायला कीर्तनकार सांगत नाही. मी पण कधी सांगितले नाही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या 68.9 टक्के मुलांचे रक्त कमी आढळले. यात मांसाहारी घरेही आहेत, तेव्हा दोष एकट्या शाकाहाराचा नाही. पण हे म्हणून आपण सुटत नाही. आपल्या आळीतली पोरेही त्यातच मोजलेली आहेत.

आणखी एक बोलतो, रागावू नका. मटकी भिजवणार कोण, लाडू वळणार कोण, पोराच्या मागे वाटी घेऊन फिरणार कोण? माळेचा मान पुरुष मिरवतात आणि तिचे कष्ट स्वयंपाकघरात निघतात. मी चाळीस वर्षांचा माळकरी. त्या भाद्रपदापर्यंत मी एकदाही मटकी भिजत घातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. आधी सासऱ्याशी बोललो. म्हटले, सकाळच्या धारेतले लिटरभर किटलीत जाणार नाही, ते घरात राहील. तो जरा कुरकुरला, मग कबूल झाला. सुनेला म्हटले, "पोरी, काल मी घाईने बोललो. तुझी माळ राहू दे. पण ती तुझ्या गळ्यात आहे, लेकीच्या नाही. तीन महिने आपण सगळे मिळून हे करून बघू. औषध चुकवायचे नाही, शी काळी होते म्हणून घाबरून बंद करायचे नाही. अंगणवाडीतली जंताची गोळी द्यायची. एवढे करून रक्त वाढले नाही आणि डॉक्टर म्हणाले, अंडेच द्या, तर दे. तुझी माळ तेवढ्याने बाटणार नाही. कोणी विचारले तर माझे नाव सांग."

हे शेवटचे वाक्य वाचून तुमच्यापैकी काही जण नाराज होतील. पत्रे लिहा, मी वाचीन. मला ते वाक्य मागे घ्यावेसे वाटत नाही.

मार्गशीर्षात पुन्हा रक्त तपासले, 10.9 भरले. डॉक्टरांनी औषध आणखी तीन महिने चालू ठेवायला सांगितले आहे. नाचणीचे सत्त्व तिला अजूनही आवडत नाही. बाटली दिसली की औषधापासून पळते. दाण्याचा लाडू मात्र रोज आमच्याकडे येऊन मागते. ते लाडू आता मी वळतो. गूळ कधी जास्त होतो, कधी लाडू फुटतो. ती फुटलेलाही खाते.