खेळाचा नियम काय शिकवतो?

ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादात भोजनाच्या लांबलचक मेजावर चांदीची एक चिमुकली आगगाडी आहे. शिंदे सरकारांच्या मेजवानीत ती पाहुण्यांपुढून मद्य आणि चिरूट घेऊन फिरे. (मद्य वाचकांनी सोडून द्यावे, गाडीकडे पाहावे.) पाहुण्याने काचेची सुरई उचलली की गाडी थांबे, परत जागेवर ठेवली की चालू लागे. एकाने सुरई धरून ठेवली तर पुढचे सारे ताटकळत. शेजाऱ्याचा विचार करा, असे कोणी सांगत नव्हते. ते काम नियमच करी.

व्हिडिओ खेळ म्हटले की आम्हा वडीलधाऱ्यांना गोळीबार आठवतो. पण एकट्यादुकट्या माणसांनी केलेले लहान, प्रयोगादाखल खेळही निघाले आहेत, आणि त्यांत असा एखादा नियमच सारे बोलून जातो. जेसन रोहरर यांचा २००७ सालचा ‘पॅसेज’ अवघा पाच मिनिटांचा आहे. त्यातला माणूस चालता चालता म्हातारा होतो व मरतो. वाटेत जोडीदारीण भेटते. तिला सोबत घेतले तर अरुंद फटींतून जाता येत नाही, आणि आतल्या संपत्तीच्या पेट्या राहून जातात. विवाहावर याहून लांब प्रवचने आम्ही ऐकली आहेत.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. परंपरेने ज्ञानदेवांच्या नावावर असलेल्या मोक्षपटात सद्गुणाची शिडी वर नेते, दुर्गुणाचा साप खाली आणतो. नियम सुटसुटीत आहे. आमच्या मते जरा जास्तच. ईयोबाच्या मित्रांचाही हाच नियम होता: तू खाली आलास, त्या अर्थी तुझा पाय सापाच्या घरात पडलाच असला पाहिजे. ईयोबाने ते मानले नाही, आणि अखेरीस देवाचा राग त्या मित्रांवरच झाला.

मग निरपराध्याच्या दुःखाचा खेळ मांडायचा तर नियम कोणता ठेवावा? रायन व एमी ग्रीन या अमेरिकन ख्रिस्ती दांपत्यापुढे हा प्रश्न खराखुरा होता. त्यांच्या जोएलला वर्षाचा असतानाच मेंदूचा कर्करोग झाला. खेळ तयार होत असतानाच, मार्च २०१४ मध्ये, पाच वर्षांचा जोएल वारला. ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ २०१६ मध्ये निघाला. त्यातल्या एका रात्री मूल इस्पितळात तळमळून रडते आहे. खेळणारा बापाच्या जागी असतो. तो जे जे करून पाहील ते व्यर्थ जाते. बाप प्रार्थना करतो तेव्हा कोठे रडे थांबते. आजार मात्र थांबत नाही.

लेकराच्या मरणाचा खेळ करणे हीच विटंबना, असे कोणी म्हणेल. प्रार्थनेची कळ दाबली की काम झाले, असे यातून कोणी शिकेल, ही भीती आम्हांस अधिक वाटते. परंतु तसा नियम ठेवायचा असता तर जोएलला शेवटी बरे करणे त्या आईबापांच्या हातात होते. खेळ त्यांचाच होता. पडद्यावर मूल उठून बसवायला फारसे काही लागत नाही. त्यांनी ते केले नाही. हा खेळ कितीही वेळा खेळला तरी जिंकता येत नाही, आणि तो विकत घेणाऱ्यांना हे आधीच ठाऊक असते.