हुकूम कोणाचा, हात कोणाचे?

सरकारने माणूस मारण्याचा हुकूम दिला आणि नोकराने तो पाळला, तर त्या मृत्यूची जबाबदारी कोणाची? ‘नाऊ बराब्बस’ हा गॉर्डन पॅरी यांनी दिग्दर्शित केलेला १९४९ सालचा ब्रिटिश चित्रपट पाहताना हा प्रश्न टाळता येत नाही. विल्यम डग्लस-ह्यूम यांच्या १९४७ च्या नाटकावर तो आधारलेला आहे.

या नाटककाराने तुरुंग आतून पाहिला होता. सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रिटिश फौजांनी फ्रान्समधील ल हाव्र बंदराला वेढा घातला. नागरिकांना बाहेर पडू द्यावे, ही जर्मन सेनापतीची विनंती त्यांनी फेटाळली. सैन्यात अधिकारी असलेल्या डग्लस-ह्यूम यांनी हल्ल्यात भाग घेण्यास नकार दिला. त्या बॉम्बवर्षावात सुमारे दोन हजार नागरिक मेले. नकार देणाऱ्याला मात्र बडतर्फी आणि एक वर्षाची सक्तमजुरी मिळाली!

चित्रपटात लहानमोठ्या गुन्ह्यांच्या कैद्यांमध्ये टफनेल हा खुनी दयेच्या निर्णयाची वाट पाहत आहे. फाशीच्या कैद्याने आत्महत्या करू नये म्हणून ब्रिटिश तुरुंगात त्याच्यावर रात्रंदिवस पहारा असे. म्हणजे जीव जपायचा, तो ठरल्या सकाळी घेण्यासाठी!

यात मारले कोणी? पंच म्हणतात, आम्ही फक्त दोष ठरवला. न्यायाधीश म्हणतात, खुनाला कायद्यात दुसरी शिक्षाच नव्हती. मंत्री म्हणतात, आम्ही केवळ हस्तक्षेप केला नाही. जल्लाद म्हणतो, मी हुकमाचा ताबेदार. जबाबदारीचे असे तुकडे केले की कोणाच्याच वाट्याला काही उरत नाही. माणूस मात्र मेलेला असतो.

कोणी म्हणेल, खुन्याने तरी दया कुठे दाखवली? खरे आहे, त्याचा दोष तसूभरही कमी होत नाही. पण प्रश्न आपल्या हातांचा आहे. कोणी विचारेल, प्रत्येकजण हुकूम मोडू लागला तर राज्य कसे चालेल? शिस्त हवीच. परंतु आज्ञा पाळणारा आपला विवेक वरिष्ठाकडे गहाण ठेवू शकत नाही. नकार द्यावा आणि त्याची किंमतही सोसावी. तशी किंमत डग्लस-ह्यूम यांनी मोजली.

ब्रिटनच्या लोकसभेने १९४८ मध्ये फाशी पाच वर्षे स्थगित करण्याचा ठराव केला. उमरावांच्या सभागृहाने तो हाणून पाडला. अखेर खुनासाठीची फाशी १९६५ मध्ये थांबली आणि १९६९ मध्ये कायमची गेली. चित्रपटाच्याच वर्षी, ३ जून १९४९ रोजी, बाबासाहेबांनी आपल्या संविधान सभेत मृत्युदंडच रद्द करणे अधिक पसंत असल्याचे सांगितले होते. भारतात तो अजून आहे. म्हणून प्रत्येक फाशीच्या बातमीनंतर ‘सरकारने केले’ म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. सरकार आपल्याच नावाने चालते.